चार वाकड्या सुया

माझ्या वहिनीच्या छातीत एक डबी होती. उजवीकडे, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून तीन बोटं खाली, कातडीच्या आत. वरून पाहिलं तर कुणी लेडीज रिस्टवॉच गिळलंय आणि ते उतरताना वाटेत अडकलंय असं वाटावं. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मला दुसरं काय सुचणार? ती डबी घेऊन वहिनी मुंबईहून घरी आली, त्या दिवशी मी डोळ्याला भिंग लावून तिच्यासमोर उभा राहिलो आणि रंगमंचावरच्या आवाजात विचारलं, "बाईसाहेब, ह्याला चावी कुठून द्यायची?"

"चावी ह्यांनी बोटीवर नेलीनी," वहिनी म्हणाली. "दहा महिन्यांनी या."

हसलो दोघंही. हसताना ती डावा हात छातीशी धरायची. त्या बाजूचं सगळं काढून टाकलेलं होतं आणि हसलं की तिथं ओढ बसायची.

दादा बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होता. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, पुढच्या पडवीत माझं दुकान. दुकान म्हणजे काचेचं कपाट, एक टेबल, टेबलावर वाकडी मान असलेला दिवा आणि भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी अकरा घड्याळं. वहिनी पूर्णगडची, बोलायला खमकी. दर गणपतीत आळीचं नाटक व्हायचं. त्यात मुख्य भूमिका माझी आणि पाठांतर शून्य, म्हणून डाव्या विंगेत वही घेऊन वहिनी बसायची. चौदा वर्षं मी नायक झालो तो तिच्या कुजबुजीवर. एकदा मी मरतानाचं भाषण विसरलो, तर विंगेतून आवाज आला, "मरा आता भावजी, पुढचं पान गळलंय." पहिल्या दोन रांगांनी ते ऐकलं. मी मेलो आणि टाळ्या तिला पडल्या.

तिच्या आजाराचं औषध एकूण आठ वेळा द्यायचं होतं, तीन-तीन आठवड्यांनी. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आठही पुरी झाली तर आशा धरायला हरकत नाही. मध्ये सुटलं तर मी काही सांगू शकत नाही." वहिनीने घरी येऊन वाटीत आठ सुक्या काजूबिया ठेवल्या. एक औषध झालं की एक बी भाजायची आणि ती मी खायची. तिला वासही सहन होत नसे. "तुमच्या पोटात जाऊ दे, भावजी. माझ्या पोटात काही राहत नाही."

औषध लाल होतं, काचेच्या नळीत कोकम सरबतासारखं दिसायचं. पहिली दोन औषधं हाताच्या शिरेतून दिली. डाव्या हाताला सुई लावायची नाही असा हुकूम होता, म्हणून उजवा एकटाच. दुसऱ्या वेळेपर्यंत त्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या. त्या वेळी नर्सने नऊदा टोचलं. मी मोजलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, परदेशात आता एक डबी निघाली आहे. ती कातडीखाली बसवतात, तिच्यातून नळी थेट मोठ्या शिरेत जाते. डबीला वरून जाड रबराचा पडदा असतो, दर वेळी त्यातच सुई खुपसायची, की शिरा शोधायला नकोत. इकडे ती मिळत नव्हती. दादाने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कुठल्या कुठल्या बंदरात चौकशी केली आणि सुट्टीवर येताना ती आणली. रुमालात गुंडाळून आणलीन, लग्नातला दागिना आणावा तशी. ती बसवली आणि तिसरं औषध त्यातून मुंबईलाच दिलं, तेव्हा वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "कळलंसुद्धा नाही हो." मग दादा बोटीवर गेला.

राहिला प्रश्न प्रवासाचा. सकाळी सहाची एसटी, कशेडीचा घाट, संध्याकाळी मुंबई. दोन दिवसांनी तसंच परत, मांडीवर पिशवी घेऊन ओकत. माझी बायको तिचं खाणंपिणं बघायची, खेपा माझ्याकडे होत्या. डबी बसवायच्या खेपेला जाताना वहिनी माणगावला उतरली, स्टँडच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "भावजी, आजाराने मरेन की नाही ठाऊक नाही, पण ह्या गाडीने नक्की." म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी उरलेली पाच औषधं रत्नागिरीत द्यायला परवानगी दिली. आमच्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि चिकटपट्टी लावलेली एक प्लॅस्टिकची पेटी माझ्या हातात ठेवली. आत चार सुया. चिठ्ठीत खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'सोबतच्याच सुया वापराव्यात. दुसरी कोणतीही सुई वापरू नये.'

त्याच खेपेला मी बाजारात जाऊन दुकानासाठी एक लोखंडी व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा, घेतला होता. तीन किलोचा, सुंदर. तो मी कापडात गुंडाळून पिशवीत टाकला आणि पेटी त्याच पिशवीत होती.

चौथ्या औषधाच्या आदल्या दिवशी मी पेटी दवाखान्यात नेली. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. कंपाउंडर होता. तेव्हा सुया फेकत नसत. उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या आणि पुन्हा वापरायच्या. आमचा कंपाउंडर दर शनिवारी बाकावर बसून सुया घासायचा. गावाला त्याच्या हाताचा अभिमान होता. त्याने पट्टी सोडली, झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय हो, ह्या सुया की गळ? मासे धरायला जाताय काय?"

चारही सुया मधोमध काटकोनात वाकलेल्या होत्या. पेटीचा एक कोपरा तडकलेला होता.

"कशाखाली चेंगरल्यात ह्या?"

माझ्या डोळ्यांसमोर तो तीन किलोचा व्हाइस उभा राहिला. आयुष्यात मी अनेक गोष्टी मोडल्या आहेत आणि बहुतेक दुसऱ्याच्या नावावर खपवल्या आहेत. पण ह्या सुया दादाने डबीबरोबर रुमालातून आणलेल्या होत्या. तशा दुसऱ्या मिळेपर्यंत वहिनीला पुन्हा मुंबईची गाडी.

"सरळ करता येतील?" मी विचारलं.

"एवढ्या बारीक? माझ्याच्याने नाही. मोडतील."

"माझ्याच्याने होतील. डॉक्टरांना बोलू नका. उद्या सकाळी आणून देतो."

"बघा बाबा," तो म्हणाला. "तुमचा हात आहे."

हात होता, हे खरंच. दुपारभर मी पडवीत टेबलाशी बसलो. सुईच्या पोकळीत बसेल अशी पोलादी तार शोधली, आत सरकवली, म्हणजे वाकवताना नळी चेपायची नाही. पितळी चिमट्याने केसाकेसाने सरळ करत गेलो. पहिलीच तुटली. मग अंदाज आला. उरलेल्या तिन्ही अशा सरळ झाल्या की काचेवर ठेवून लोटल्या तर लटपटल्यासुद्धा नाहीत. मी खूश झालो. खूश झालेला कारागीर थांबत नाही. मी भिंग लावून टोकं पाहिली. टोकं मला पसंत पडली नाहीत. सुईचं टोक कसं तिरकं कापलेलं असतं, भोक समोर असतं. ह्यांची टोकं पुढे जरा वळलेली होती आणि भोक बाजूला गेलेलं. तुटलेलीचंही तसंच. चारही टोकं अगदी एकाच बाजूला, एकाच मापाने वळलेली. अपघात इतका शिस्तीत होत नाही. हे वाक्य मला आज सुचतं. त्या दुपारी मी एवढंच म्हटलं की, व्हाइसखाली टोकंही दबली वाटतं. धार लावायचा तेलाचा दगड काढला आणि तिन्ही टोकं घासून झकास तिरकी केली. नखावर टेकवली तर रुतायची.

सरळ सुया पेटीतल्या स्पंजात बसेनात. मी ब्लेडने चार नव्या खाचा कापल्या, एका ओळीत. तुटलेलीसुद्धा दोन तुकड्यांत तिथंच ठेवली, कारण टाकवेना.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरने सुया बघून तोंडात बोट घातलं. "तुम्ही हे धंद्याला लावा." त्याने त्या उकळल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पेटीकडे बघून "ह्याच ना?" म्हणून विचारलं, मी "ह्याच" म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. सुई डबीत गेली ती पिकल्या केळ्यात जावी तशी. डॉक्टर म्हणाले, "वा!" लाल औषध उतरलं. वहिनी चालत घरी आली. येताना खाडीकडे तोंड करून पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "एसटीला माझा नमस्कार सांगा." त्या संध्याकाळी मी चौथी काजूबी खाल्ली.

पाचवं औषधही तसंच गेलं. फक्त सुई धुताना कंपाउंडरने भोकात तार घालून काहीतरी बाहेर काढलं आणि बोटावर घेऊन मला दाखवलं. खसखशीएवढा पांढरट कण.

"कापसाचं असेल," मी म्हणालो.

"कापूस असा नसतो," तो म्हणाला. पण बाहेर पेशंट होते.

सहाव्या वेळी औषध जेमतेम अर्धं गेलं असेल. वहिनी म्हणाली, "जळतंय."

"थोडं जळेल," डॉक्टर म्हणाले.

"थोडं नाही. आधी असं नव्हतं."

मी तिच्या पायाशी उभा होतो आणि तिला हसवायला म्हणून मिरचीची फोडणी की काय असलं बोलत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, गप बसा." चौदा वर्षांत तिने मला कधी गप बसवलं नव्हतं. डॉक्टरांनी हात थांबवला. डबीच्या वर कातडी फुगत होती आणि खालून गुलाबी दिसत होती. सुई काढली. बर्फ मागवला. गावात बर्फ मासळीबाजारात मिळायचा, मी धावत जाऊन पंच्यात बांधून आणला. त्याला बांगड्यांचा वास येत होता.

त्याने काही झालं नाही. पहिल्या दिवशी लाल, चौथ्या दिवशी जांभळं, आठवड्याने मध्ये काळा डाग. तो वाढत गेला. बारा दिवसांनी तो डाग सुटला आणि खाली खड्डा दिसला. तिसऱ्या आठवड्यात माझी बायको पट्टी बदलत होती. तिने मला आतून हाक मारली. खड्ड्याच्या तळाशी धातू चमकत होता. मी आयुष्यभर घड्याळांची मागची झाकणं उघडून आत बघत आलो आहे. त्या दिवशी मला बघवलं नाही.

पुन्हा सकाळी सहाची एसटी. ह्या वेळी ती ओकली नाही. उजवा खांदा धरून शेवटपर्यंत ताठ बसून राहिली. कारण गाडीने गचका दिला की जखमेत कळ जायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी डबी काढली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर ती डबी होती, धुतलेली. रबराच्या पडद्यावर भोकं होती. टोचल्याच्या खुणा नव्हेत, भोकं. कुणी कागदाला पंच मशीनने पाडावीत तशी.

"सुया आणल्यात?"

मी पेटी पुढे केली. त्यांनी एक सुई उचलून खिडकीशी धरली. मग शांतपणे म्हणाले, "ही सुई वाकडीच असते. औषध चढताना छातीवर आडवी टेकून राहावी म्हणून. ती सरळ केली, ते एक वेळ चाललं असतं. पण टोक कोणी घासलं? हे टोक मुद्दाम वळवलेलं असतं. त्याने रबर बाजूला सरतं आणि सुई काढल्यावर पुन्हा मिटतं. साध्या टोकाने रबराचा तुकडा निघतो. दर वेळी एक. ह्या भोकांतून औषध बाहेर आलं आणि मांस जाळलं. कोणाची कारागिरी ही?"

मी चौदा वर्षं मुख्य भूमिका केलेला माणूस. तोंड उघडलं आणि आत एक अक्षर नव्हतं. खरं सांगायचं तर कंपाउंडरचं नाव माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

आणि माझ्या डाव्या बाजूने, नेहमीच्याच त्या बाजूने, हलका आवाज आला.

"मीच सांगितलं होतं. वाकड्या सुया बघून मला भीती वाटली. म्हटलं, सरळ करून घ्या."

डॉक्टर तिच्यावर ओरडले. शिकलेल्या दिसता, चिठ्ठीत रेघ मारून लिहिलं होतं, तुमच्या नवऱ्याने कुठून कुठून आणलेली वस्तू, असं बरंच. ती मान खाली घालून ऐकत होती. पट्टीतून पाणी झिरपत होतं, त्यावर तिने पदर ओढून घेतला.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "वहिनी, तुला माहीत होतं?"

"त्या दुपारी पडवीत तुम्ही भिंग लावून बसला होता. दारातून बघितलं मी. पेटी ओळखली."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही करताय म्हणजे बरोबरच असणार. म्हटलं, कशाला मध्ये बोला." मग ती जरा हसली. डावा हात छातीशी नेला, मग उजवा, आणि कुठला धरावा ते तिला कळेना. "स्टेजवर थांबायचं नाव घेत नाही तुम्ही. आत मेलं एक वाक्य आठवेना?"

"मी आत जाऊन सांगतो."

"बसा. सांगून ते रबर मिटणार आहे काय? आणि ह्यांना काही कळवू नका. फिटर आहेत ते. रडायचं सोडून विचारतील, दगड कुठल्या नंबरचा होता."

जखम भरायला अडीच महिने गेले. तोवर औषध बंद. दुसरी डबी बसवायला उजवीकडे जागा उरली नव्हती आणि डावीकडे ती बसवणं डॉक्टरांना पसंत नव्हतं. सातवं औषध पायाच्या शिरेतून दिलं. तिला दोघांनी धरावं लागलं, त्यातला एक मी. आठव्यासाठी शीर सापडली नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मग आठव्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. आजार पाठीच्या मणक्यात आला होता. वाटीत एक काजूबी राहिली. ती कोणी भाजली नाही. पुढे मुंग्या लागल्या म्हणून माझ्या बायकोने ती परसात टाकली.

त्या वर्षीच्या गणपतीत नाटक होतं. मी काम केलं नाही. वहिनी अंथरुणावरून म्हणाली, "का हो? नवीन प्रॉम्प्टर मिळेल की." मी म्हटलं, तो काय मला वाचवणार? तिने तोंड भिंतीकडे केलं. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

दादा तीन महिने आधी आला, रजा वाढवून घेऊन. त्याला एवढंच सांगितलं होतं की डबी बिघडली. परदेशी माल बिघडतो, हे त्याला पटण्यासारखं होतं, तो आयुष्यभर परदेशी यंत्रंच दुरुस्त करत आलेला. तिला उचलून उन्हात नेणं, पाठीखाली उशा लावणं, सगळं तो करायचा. मी दोघांना पडवीतून बघायचो आणि हातातलं घड्याळ उगीच उघडायचो, लावायचो. काजूला मोहोर आला तेव्हा ती गेली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, दादा पडवीत आला. हातात ती पेटी. वहिनीच्या कपाटात साड्यांखाली सापडली म्हणाला. मी ती फेकायला म्हणून तिच्या हातात दिली होती. त्याने माझं भिंग उचललं, दिवा ओढला आणि एक सुई काचेवर ठेवून बोटाने लोटली. लटपटली नाही.

"आत तार घातली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"टोकंही तूच घासलीस."

"हो."

"तिला माहीत होतं?"

"तिने डॉक्टरांना सांगितलं, मीच करून घेतलं म्हणून."

"ती कशाला करून घेईल?" दादा म्हणाला. "तिला घड्याळाला चावी द्यायची भीती वाटायची. फार पिळली तर तुटेल म्हणायची."

मला वाटलं, आता तो ओरडेल. मी त्याची वाट बघत होतो, खरं तर मला तेच हवं होतं. त्याने पेटी उघडी धरली आणि स्पंजावरून बोट फिरवलं. वर माझ्या ब्लेडच्या चार सरळ खाचा. त्यांच्या खाली आणखी चार होत्या. साच्यातून आलेल्या, कडा साफ, चारही काटकोनात वळलेल्या.

"आणि ह्या?"

"ह्या पहिल्यापासून होत्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग सुया एकेक उचलल्या आणि माझ्या खाचांत न ठेवता त्या जुन्या, वाकड्या खाचांत बसवायला लागला. सुई अर्धी बसायची, अर्धी वर उठायची. तिन्ही तशाच. तुटलेलीचे दोन तुकडे मात्र नीट बसले. झाकण लागेना. तो दाबत राहिला.